दीड मिलिमीटरचा हिशेब

जानेवारी २०२४मध्ये, ऐन हंगामात, गुलमर्गचे उतार तपकिरी दिसत होते. स्कीसाठी सुट्टी काढून आलेले पर्यटक केबल कारमध्ये बसून वर गेले आणि तसेच खाली आले. पुढच्या वर्षी 'खेलो इंडिया' हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गमधला टप्पा फेब्रुवारीत व्हायचा होता. बर्फ नसल्याने तो पुढे ढकलला गेला आणि मार्चमध्ये पार पडला. हंगाम असा उशिरा आणि अडखळत सुरू झाला की लोकांना धीर धरवत नाही. वीतभर बर्फ पडला की ते उतारावर जातात. त्या वीतभर बर्फाखाली दगड असतात, झुडपांची खोडे असतात, आणि त्यांच्या खुणा स्कीच्या तळावर उमटतात. हंगामाआधी स्कीचा तळ नीट करून घेण्याचे काम पूर्वी हौशी आणि स्पर्धक मंडळींचेच मानले जाई. बर्फ पातळ होत चालला तसे ते प्रत्येक स्कीधारकाचे होऊ लागले आहे.

स्कीच्या पोटात बहुधा लाकडाचा गाभा असतो, त्याच्या वर-खाली काचतंतूंचे किंवा धातूचे थर, दोन्ही बाजूंना पोलादी कडा, आणि सर्वांत खाली प्लास्टिकचा तळ. नव्या स्कीत हा तळ दीड मिलिमीटरच्या आसपास जाड असतो. काहींत त्याहूनही पातळ. एकदा झिजलेला तळ पुन्हा वाढत नाही. यंत्रावर घासले की थोडा जातो, दगडावर आपटले की थोडा जातो, इस्त्री जास्त तापली तर उरलेला बिघडतो. त्यामुळे या दुरुस्तीत काय करायचे याइतकेच कुठे थांबायचे हे कळणे महत्त्वाचे आहे. त्याविषयी स्कीच्या जगात एकमत नाही. मेण विकणारे एक सांगतात, दुरुस्तीची दुकाने दुसरे, आणि प्रयोगशाळेतले संशोधक तिसरेच.

हा तळ मुळात लाकडाचाच होता. नॉर्वे आणि स्वीडनमध्ये शतकानुशतके लाकडी स्कीला पाइनचे डांबर तापवून चोपडत, म्हणजे लाकूड पाणी पीत नसे आणि बर्फ चिकटत नसे. १८६०च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वतात सोने शोधायला गेलेले खाणकामगार लांबलचक लाकडी फळ्यांवरून सरळ उतारावर शर्यती लावत. स्कीला चोपडायचे मिश्रण प्रत्येकाचे वेगळे आणि गुप्त असे. त्याला ते 'डोप' म्हणत. १९२०च्या दशकात ऑस्ट्रियात झाल्सबुर्ग भागातल्या रुडोल्फ लेट्नर यांनी लाकडी स्कीच्या काठांवर पोलादी पट्ट्या बसवल्या आणि टणक बर्फावर वळणे शक्य झाले. तळावर पॉलिएथिलीन आले ते १९५०च्या दशकाच्या मध्यात, पुन्हा ऑस्ट्रियातूनच, 'कोफिक्स' या नावाने. पुढे स्वित्झर्लंडचे 'पी-टेक्स' इतके पसरले की आज दुकानात कोणत्याही कंपनीच्या तळाला लोक पी-टेक्सच म्हणतात.

पॉलिएथिलीन हेच प्लास्टिक पिशव्यांत आणि डब्यांतही असते, पण स्कीसाठी वापरतात त्याचे रेणू अवाढव्य लांब असतात. रेणुभार कित्येक लाखांत. तळ दोन प्रकारे बनतो. स्वस्त स्कीत प्लास्टिक वितळवून साच्याच्या फटीतून पट्टीसारखे काढतात. असा तळ दुरुस्तीला सोपा आणि देखभालीला हलका, पण मेण कमी धरतो. महागड्या स्कीत प्लास्टिकची भुकटी उष्णता आणि दाबाखाली घट्ट करून तिचा ठोकळा बनवतात आणि प्लायवूडसाठी ओंडका सोलावा तशी त्याची पातळ पट्टी सोलून काढतात. हा तळ झिजेला अधिक टिकतो आणि मेण जास्त घेतो. काळ्या तळात ग्राफाइट किंवा काजळी मिसळलेली असते. भाड्याच्या स्कीचा तळ बहुतेकदा पहिल्या प्रकारचा असतो, आणि ते योग्यच आहे. रोज वेगवेगळ्या पायांखाली जाणाऱ्या स्कीला सोसणारा तळ हवा.

हंगामाआधी स्की मांडणीवर उलटी ठेवली की पहिले काम बघण्याचे. ब्रेक रबराने मागे बांधून, साठवणीच्या वेळी लावलेले मेण खरवडून, तळ पुसून उजेडात धरायचा. स्कीच्या लांबीत गेलेले उथळ ओरखडे दिसायला वाईट, पण सरकण्याच्या दिशेतच असल्याने ते वेगाला फारसे अडवत नाहीत. नवशिका माणूस नेमका त्यांच्यावरच सगळा वेळ घालवतो. आडव्या खाचा, कडेला लागून गेलेली जखम आणि गाभ्यापर्यंत पोहोचलेले भोक, या तीन गोष्टी मात्र तशा सोडता येत नाहीत.

उथळ खाच भरायची सर्वांत जुनी पद्धत पी-टेक्सच्या मेणबत्तीची. या कांडीत पॉलिएथिलीनसोबत थोडे पॅराफिन असते, म्हणून ती पेटते आणि थेंब थेंब गळते. ज्योत मोठी झाली की थेंबात काजळी उतरते आणि भराव ठिसूळ होतो. म्हणून अनुभवी हात कांडी तळाच्या अगदी जवळ धरतो, ज्योत लहान आणि निळसर ठेवतो, आणि पहिले काळे थेंब धातूच्या पट्टीवर गाळून टाकतो. भराव थंड झाल्यावर वरचा उंचवटा धारदार पट्टीने थोडा थोडा तासून तळाशी सपाट करायचा. हा भराव मूळ तळाहून मऊ असतो, मेण फारसे धरत नाही आणि मोठ्या जखमेत टिकत नाही. दुकानांत त्याऐवजी गरम बंदुकीतून जाडसर पॉलिएथिलीनची दोरी वितळवून दाबून भरतात. तिच्यात पॅराफिन नसते आणि पकड कितीतरी चांगली बसते. घरी काम करणाऱ्याने अशी बंदूक एकदाच विकत घ्यावी, वर्षानुवर्षे मेणबत्त्या जाळत बसू नये.

कडेला लागून असलेली जखम सर्वांत त्रासदायक. पॉलिएथिलीन पोलादाला चिकटत नाही. नुसते भरले तर पहिल्याच दिवशी, कड थोडी वाकली की, भराव सालीसारखा सुटतो. तिथे आधी धातू आणि तळ दोघांनाही धरणारा चिवट भराव द्यावा लागतो आणि वरून नेहमीचे पॉलिएथिलीन. गाभा उघडा पडला असेल तर भरण्याची घाई नुकसानीची. आत गेलेले पाणी लाकूड फुगवते, पुढे थर एकमेकांपासून सुटू लागतात. स्की आधी पूर्ण कोरडी करायची, जखमेच्या कडा सुरीने स्वच्छ कापायच्या, तळाच्याच पट्टीचा तेवढा तुकडा बेतून इपॉक्सीने चिकटवायचा आणि शिकंज्यात आवळून ठेवायचा. हे काम घाईघाईने आदल्या रात्री होणारे नाही. ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते.

भराई झाली की प्रश्न येतो सपाटीचा, आणि बहुतेक स्कीधारक ज्याच्याकडे दुर्लक्ष करतात तो हाच. धातूची सरळपट्टी तळावर आडवी ठेवून मागून उजेड पाहायचा. मधोमध फट दिसली तर तळ खोलगट झालेला आहे आणि कडा वर राहिलेल्या आहेत. अशी स्की रुळावर चालल्यासारखी वागते, वळवायला अडते, अनपेक्षितपणे कड पकडते. दोन्ही कडांपाशी फट दिसली तर तळ फुगीर आहे. तशी स्की भरकटते आणि टणक बर्फावर पकडच घेत नाही. शिकाऊ माणूस दोन्ही प्रसंगी स्वतःच्या पायांना दोष देतो. प्रशिक्षकाने मिनिटभर खर्चून सरळपट्टी लावली तर कितीतरी विद्यार्थ्यांचे दिवस वाचतील.

सपाटी आणण्याचे आजचे साधन म्हणजे दगडाचे यंत्र. फिरत्या दगडावर हिऱ्याच्या टोकाने नक्षी कोरतात आणि पाण्याच्या धारेखाली स्की त्यावरून पुढे सरकवतात. तळ सपाट होतो आणि दगडावरची नक्षी त्यावर उमटते. ऑस्ट्रियाची विंटरस्टायगर आणि स्वित्झर्लंडची माँटाना ही या यंत्रांच्या धंद्यातली मोठी नावे. उमटलेली नक्षी शोभेची नसते. थंड, कोरड्या बर्फासाठी ती बारीक आणि उथळ हवी, कारण बर्फाचे कण टोकदार असतात आणि खोल खाचांत अडकतात. वसंतातल्या ओल्या बर्फासाठी ती जाड हवी, म्हणजे तळाखाली साठणाऱ्या पाण्याला वाट मिळते आणि तळ चोखला गेल्यासारखा धरून राहत नाही. क्रॉस-कंट्रीचे संघ वेगवेगळ्या नक्षीच्या स्कींच्या जोड्या घेऊन शर्यतीला जातात आणि सकाळी प्रत्यक्ष बर्फावर सरकवून निवड करतात. हौशी माणसाला मधली नक्षी पुरते.

किती वेळा घासायचे, यावर दुकानदार आणि काटकसरी मंडळी यांच्यात जुना वाद आहे. स्पर्धकांच्या स्की पुन्हा पुन्हा घासल्या जातात, पण त्यांना नव्या जोड्या मिळत असतात. वर्षातून आठ-दहा दिवस उतरणाऱ्याने दर हंगामाला यंत्रावर चढवण्याचे कारण नाही. सरळपट्टी सपाट दाखवत असेल, मोठी जखम नसेल, कडांजवळ तळ पांढरट होऊन भाजल्यासारखा दिसत नसेल, तर तो थर राखून ठेवावा. पट्ट्याच्या सँडरवर घाईने घासून देणाऱ्या दुकानापासून दूर राहिलेले बरे. तो पट्टा तळावर प्लास्टिकचे केस उभे करतो आणि ते काढायला तासन्‌तास ब्रश मारावा लागतो.

घासणी झाली की कडा पुन्हा बांधाव्या लागतात, कारण यंत्राने त्या तळाच्या बरोबरीने सपाट केलेल्या असतात. कडेला दोन कोन असतात. तळाच्या बाजूचा कोन साधारण अर्धा ते एक अंश. त्यामुळे स्की सपाट असताना कड बर्फात रुतत नाही. बाजूचा कोन साधारण एक ते तीन अंश. तो जितका जास्त तितकी धार तीक्ष्ण. बर्फाळ टणक मार्गावर स्लॅलम उतरणारे बाजूचा कोन तीन अंश किंवा त्याहून जास्त घेतात. गुलमर्गच्या भुसभुशीत बर्फात मजा करणाऱ्याला एक अंश तळाला आणि दोन अंश बाजूला पुरेसे. तळाच्या बाजूचा कोन वाढवता येतो, पण कमी करायचा तर पुन्हा अख्खा तळ घासून खाली आणावा लागतो. म्हणजे कानसीच्या एका उतावळ्या फेरीची किंमत तळ चुकवतो. घरच्या घरी काम करणाऱ्याने बाजूच्या धारेवरच समाधान मानावे आणि तळाचा कोन यंत्रासाठी ठेवावा.

दगडावर आपटलेल्या कडेला लगेच कानस लावणे ही आणखी एक नेहमीची चूक. आघाताने आणि क्षणभराच्या उष्णतेने तिथले पोलाद कडक झालेले असते. कानस त्यावरून घसरते आणि स्वतःचेच दाते बोथट करून घेते. आधी ओल्या हिऱ्याच्या पट्टीने तो कडक ठिपका उतरवायचा, मग मार्गदर्शक साच्यात कानस धरून टोकापासून शेपटीकडे लांब, एकसारखे हात द्यायचे, शेवटी उठलेली बर, म्हणजे धातूची बारीक कूस, रबरी दगडाने हलकेच काढायची. स्कीच्या टोका-शेपटीशी कड मुद्दाम बोथट करावी की नाही, यावर मतभेद आहेत. जुन्या सरळ स्कीत ती पद्धत उपयोगी होती, कारण टोक लवकर पकडून पाय ओढून नेत असे. आजच्या कमरेत अरुंद, कोरीव वळणे घेणाऱ्या स्कीत कडेची सगळी लांबी कामाला लावायची असते. तिथे फार तर बर्फाला टेकत नाही तेवढेच टोक बोथट करावे.

उरते मेण. या विषयावर सर्वांत जास्त बोलले जाते आणि सर्वांत जास्त विकलेही जाते. कृती तशी सरळ आहे. मेणाची वडी इस्त्रीला टेकवून तळावर थेंब सांडायचे, इस्त्री फिरवत राहायची, स्की खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायचे, मग आधी पितळी आणि नंतर घोड्याच्या केसांच्या किंवा नायलॉनच्या ब्रशने नक्षी मोकळी करायची. धोका इस्त्रीत आहे. तळाचे पॉलिएथिलीन १३५ अंश सेल्सियसच्या आसपास वितळते, आणि कडक थंडीसाठीच्या काही मेणांना इस्त्री १५० अंशांच्याही वर लागते. एका जागी क्षणभर थांबले की तळ पृष्ठभागाला वितळतो आणि बंद होतो. कपड्यांच्या इस्त्रीचे तापमान सतत वर-खाली होत असते, म्हणून ती या कामाला नको. मेणातून धूर निघू लागला तर तापमान जास्त झाले, ही खूण कुठल्याही अंकापेक्षा भरवशाची.

मेणाने नेमके होते काय, आणि मुळात स्की बर्फावर सरकते कशी, यावर शास्त्रज्ञ शंभर वर्षे झगडत आहेत. स्कीच्या दाबाने बर्फ वितळतो, ही एकोणिसाव्या शतकातली समजूत होती. १९३९मध्ये केंब्रिजचे फ्रँक फिलिप बाउडन आणि टी. पी. ह्यूज यांनी स्वित्झर्लंडच्या युंगफ्राउयोखच्या उंचीवर प्रयोग केले आणि दाब नव्हे तर घर्षणाची उष्णता पाण्याचा पातळ पापुद्रा तयार करते, असे मांडले. कित्येक दशके पाठ्यपुस्तकांत हेच राहिले. २०१०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी लष्कराच्या शीतप्रदेश प्रयोगशाळेतल्या अभ्यासकांनी सरकत्या पृष्ठाखालचा बर्फ इन्फ्रारेड कॅमेऱ्याने पाहिला, तेव्हा अपेक्षेइतकी वितळ त्यांना दिसली नाही. बर्फाचे कण झिजून सपाट होतात आणि त्या सपाट ठिकाणांवर सरकणे घडते, असे त्यांचे म्हणणे आहे. बर्फाचे तापमान, ओलावा आणि कणांचे वय बदलले की दोन्ही क्रियांचे प्रमाण बदलत असावे. एकच मेण सगळीकडे चालत नाही याचे कारण इथेच आहे.

स्वीडनमध्ये लिओनिद कुझमिन यांनी २००६मध्ये आणि पुढे प्रबंधांत त्याहून टोकाची भूमिका घेतली. हे प्लास्टिक मेण पिते, ही समजूतच त्यांनी नाकारली. मेण धूळ आणि घाण ओढून घेते, त्यामुळे लांब अंतरावर मेण लावलेला तळ मंद होत जातो आणि पोलादी पट्टीने नीट तासलेला कोरडा तळ बरोबरी करतो किंवा पुढे जातो, असे त्यांच्या मोजमापांतून त्यांनी मांडले. विश्वचषकाचे तंत्रज्ञ काही मेणाच्या वड्या फेकून द्यायला तयार झाले नाहीत, आणि शर्यतीत सेकंदाच्या शंभराव्या भागासाठी लढणाऱ्यांनी व्हायलाही नको होते. पण हौशी माणसाने कुझमिन यांच्याकडून एक गोष्ट घ्यावी: तळ स्वच्छ, सपाट आणि ताज्या नक्षीचा असेल तर मेणाचे महत्त्व बरेच खाली येते. वाकडा तळ आणि बोथट कड यांवर महागातले मेण चोळण्यात अर्थ नाही.

मेणाचा सर्वांत काळा अध्याय फ्लोरिनचा. १९९०च्या दशकापासून फ्लोरिनयुक्त मेणांनी ओल्या बर्फावर इतका वेग दिला की त्यांच्याशिवाय शर्यत जिंकणे अवघड झाले. त्याची किंमत बंद खोल्यांत धूर हुंगत इस्त्री फिरवणाऱ्या तंत्रज्ञांनी मोजली. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विश्वचषकाच्या मेण तंत्रज्ञांच्या रक्तात पीएफओए या फ्लोरिनयुक्त रसायनाचे प्रमाण सर्वसामान्य लोकांच्या सुमारे ४५ पट आढळले. ही रसायने निसर्गात जवळपास कधीच नष्ट होत नाहीत. बर्फ वितळला की ती पाण्यात उतरतात. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने नोव्हेंबर २०१९मध्ये बंदी जाहीर केली, पण चाचणीचे यंत्र तयार होईपर्यंत ती लांबत गेली आणि २०२३-२४च्या हंगामात पूर्णपणे लागू झाली. ऑक्टोबर २०२३मध्ये ऑस्ट्रियातल्या सोल्डेनमध्ये, हंगामाच्या पहिल्याच जायंट स्लॅलममध्ये, नॉर्वेची राग्नहिल्ड मोविंकेल फ्लोरिनच्या चाचणीत अडकून बाद झाली. हा निर्णय कितीतरी आधी व्हायला हवा होता. खेळाडूंच्या आनंदासाठी मेण लावणाऱ्यांचे रक्त विषारी करणे कोणत्याही पदकाने भरून निघत नाही.

या बंदीचा हंगामपूर्व कामाशी थेट संबंध आहे. जुन्या स्कीच्या तळात, ब्रशांत आणि इस्त्रीवर फ्लोरिन राहिलेले असू शकते. वापरलेली स्की विकत घेऊन शर्यतीत उतरणाऱ्याने साधे मऊ मेण लावून गरम असतानाच खरवडण्याची कृती पुन्हा पुन्हा करावी, शक्य तर तळ घासून घ्यावा, आणि जुने ब्रश टाकून द्यावेत. मेणाला कायमचा पर्याय देण्याचे प्रयत्नही चालू आहेत. अमेरिकेच्या डीपीएस कंपनीने २०१७मध्ये 'फँटम' नावाचा एकदाच लावायचा लेप आणला. रोजच्या स्कीसाठी तो सोयीचा आहे, मात्र प्रत्येक तापमानाला जुळवून लावलेल्या मेणाची तो बरोबरी करील अशी अपेक्षा धरू नये.

भारतात या सगळ्याची गाठ टंचाईशी पडते. सैन्याची गुलमर्गमधली उंचावरील युद्धशाळा १९४८मध्ये स्की शाळा म्हणून सुरू झाली, म्हणजे इथे स्की सांभाळण्याचा अनुभव पाऊणशे वर्षांचा आहे. २०२२च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू असलेला आरिफ खान जायंट स्लॅलममध्ये ४५वा आला. त्याच्या वडिलांचे गुलमर्गमध्ये स्कीच्या साहित्याचे दुकान होते. हा अनुभव प्रशिक्षणात यायला हवा. औली, सोलांग किंवा गुलमर्गला शिकायला जाणाऱ्यांना पहिल्याच दिवशी सरळपट्टी धरायला आणि कड तपासायला शिकवले तर अर्धी दुखणी उतारावर जाण्याआधीच कळतील. भाड्याची स्की घेताना नखाच्या पृष्ठावर कड हलकेच आडवी ओढावी. पांढरी भुकटी निघाली तर धार आहे. तळावरून तळहात फिरवून आडवी खाच चाचपावी, बूट धरून ठेवणाऱ्या बाइंडिंगमध्ये अडकवून ते बाइंडिंग वजन आणि अनुभवाप्रमाणे जुळवले आहे का ते विचारावे. यातली शेवटची गोष्ट गुडघ्याची आहे. तिथे संकोच नको.

स्वतःची स्की मुंबई-पुण्यात किंवा कोकणात ठेवणाऱ्यांची अडचण वेगळी. पावसाळ्याच्या दमट हवेत पोलादी कडा महिन्याभरात गंजतात. हंगाम संपताच स्की कोरडी करून तळासह कडांवर मेणाचा जाड थर द्यावा आणि तो न खरवडता तसाच ठेवावा. प्लास्टिकच्या बंद पिशवीत ओली स्की कधीही गुंडाळू नये. ऑक्टोबरात पिशवी उघडून हलका गंज दिसला तर रबरी दगड पुरतो. खड्डे पडले असतील तर हिऱ्याची पट्टी आणि मग कानस. ज्यांच्याकडे दोन जोड्या आहेत त्यांनी जुनी जोडी पहिल्या पातळ बर्फासाठी राखावी: खाचा भरलेल्या, बर काढलेली, साधे मेण लावलेली. नव्या जोडीवरचा साठवणीचा थर दगड पूर्ण झाकले जाईपर्यंत तसाच राहू द्यावा.